भोपळा आधी हातात, की आधी फळ्यावर?

ऑक्टोबर संपत आला की मुंबई-पुण्यातल्या काही नर्सरींच्या भिंतींवर हॅलोवीनचे नारिंगी कागदाचे भोपळे चढतात. डोळे त्रिकोणी, दात करवतीचे. अमेरिकेत या भोपळ्याला शेताचा आधार आहे. तिथे तो याच दिवसांत तयार होतो, बालवाडीची मुलं शेतावर जाऊन आपापला भोपळा निवडतात, उचलून पाहतात, न पेलला तर ढकलत नेतात. आपल्याकडे येईपर्यंत त्यातला भोपळा गळून गेला आणि कागद तेवढा उरला. त्याच मुलांच्या घरी ओट्यावर भाजीसाठी आणलेली खऱ्या लाल भोपळ्याची फोड असते आणि तिच्याविषयी त्यांच्याशी कुणी एक वाक्य बोललेलं नसतं.

मग खरा भोपळा वर्गात आणला तर? या प्रश्नावर पालकसभेत दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक असतो अंगणवाडी किंवा बालवाडी चालवणाऱ्या ताईंचा, दुसरा प्राथमिक शाळेत हयात घालवलेल्या गुरुजींचा. या लेखातले ताई आणि गुरुजी त्या दोन आवाजांचेच प्रतिनिधी आहेत. ताईंचा बेत असा, की तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर पंधरा दिवस भोपळा हाच विषय घ्यायचा. गुरुजींना तो मुळीच पटलेला नाही.

"पंधरा दिवस एक भोपळा?" गुरुजी विचारतात. "ताई, पहिलीच्या वर्गात पोर येतं तेव्हा त्याला पेन्सिल धरता येत नाही, दहापर्यंतचे आकडे ओळखता येत नाहीत. पालक विचारतात, तिथे इतके दिवस काय केलं? मी काय सांगू, भोपळा बघितला म्हणून?"

"पेन्सिल धरता येत नाही, कारण बोटांत अजून तेवढी ताकद आणि नेमकेपणा नसतो. आणि तो पेन्सिल हातात कोंबून येत नाही, गुरुजी. भोपळा चिरला की आतल्या जाळीतून बिया वेगळ्या करायला मुलांना बसवा आणि बघा."

ही गोष्ट खरोखरच जवळून बघण्यासारखी आहे. ओली बी बुळबुळीत असते. मूल आधी अख्खी मूठ खुपसतं आणि हाती चिकट तंतूंचा गोळा येतो. मग ते एकेक बी चिमटीत धरतं. जास्त दाबली तर ती निसटून उडते, कमी दाबली तर तंतू सोडत नाही. किती दाबायचं हे कुणी सांगू शकत नाही, बोटांनाच ते शोधावं लागतं. अंगठा, तर्जनी आणि त्यांना टेकू देणारं मधलं बोट, या तिघांची जुळणी होत जाते, आणि पुढे पेन्सिल धरायची आहे ती याच तिघांत. एखादं मूल हात आखडून घेतं, त्याला तो ओलेपणा सहन होत नाही. त्याला चमचा द्यायचा. दुसऱ्या दिवशी ते बहुधा एक बोट लावून पाहतं.

गुरुजी एवढ्यावर मागे हटणारे नाहीत. "बोटांनाच कामाला लावायचं तर शेंगा सोलायला द्या, मटार सोलायला द्या. भोपळ्याचं एवढं कौतुक कशाला?"

"शेंगाही द्यायच्याच. पण भोपळ्याला वजन आहे, कडक साल आहे, आत पोकळी आहे, बिया आहेत, वास आहे. तो शिजतो, गोड होतो, पेरला की उगवतो. न चिरलेला पिकलेला भोपळा कोरड्या, वाऱ्याच्या जागी महिनोन्महिने टिकतो, म्हणजे मुलांच्या सवडीने त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जाता येतं. आणि तो मला परवडतो. शैक्षणिक साहित्याचा संच परवडत नाही."

या शेवटच्या वाक्यामागे महाराष्ट्रातलाच मोठा इतिहास आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी मॉन्टेसरींची पद्धत आपल्या मुलांसाठी घडवायला घेतली, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे १९५७ मध्ये काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं बालवाडीकडे येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली. महागड्या लाकडी साधनांची जागा बिया, पानं, खडे, शिंपल्यांनी घेतली. 'अंगणवाडी' हा शब्द आज सरकारी कागदावर सर्रास येतो; २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेची केंद्रं याच नावाने ओळखली जातात. त्या नावातल्या अंगणात कागदी भोपळा कधीच नव्हता.

गुरुजी ताराबाईंचं नाव आदराने घेतात, आणि त्याच आदरापोटी त्यांचा पुढचा आक्षेप जास्त धारदार होतो. "ताराबाईंच्या साधनांमागे शिस्त होती. हल्ली 'कृती' म्हणजे काय चाललंय? बाई भोपळ्याचा आकार कापून देतात, मूल आत नारिंगी रंग भरतं, बाईच रेघेबाहेरचा रंग पुसतात, खाली मुलाचं नाव लिहितात आणि फोटो पालकांच्या ग्रुपवर. चाळीस मुलांचे चाळीस भोपळे, सगळे एकसारखे. यात मुलाने केलं काय?"

"काहीच नाही," ताई लगेच म्हणतात. "त्या बाबतीत मी तुमच्याच बाजूची आहे. आपल्या बाजारात भोपळा हिरवा असतो, हिरव्यावर पिवळे ठिपके असतात, तपकिरी असतो, पिवळट असतो. खडू देऊन समोर खरा भोपळा ठेवला, तर एक मूल सगळा हिरवा काढतं, एक फक्त देठ काढतं, एक नुसत्या उभ्या रेघा ओढतं, कारण त्याला सालीवरच्या खाचा दिसल्या. मी त्यांच्या चित्राला हात लावत नाही. काय काढलंस ते विचारते आणि मूल सांगेल तेच शब्द खाली लिहिते."

"आणि ते दात विचकणारे भोपळे?"

"ते मला नकोत, पण परदेशी आहेत म्हणून नव्हे. भोपळा स्वतःच परदेशातून आलेला आहे."

ताईंचं म्हणणं बरोबर आहे. भोपळ्याचं हे कुळ मूळचं अमेरिका खंडातलं. मेक्सिकोतल्या ओआखाका भागातल्या एका गुहेत लागवडीच्या भोपळ्याच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. तिथून निघालेलं हे फळ आपल्या भाजीत, भरतात, घारग्यांत आणि म्हातारी व भोपळ्याच्या गोष्टीत इतकं मुरलं, की त्याचं परकेपण कुणाच्या मनातही येत नाही. न्यू जर्सीत वाढणाऱ्या मराठी मुलाने ऑक्टोबरात भोपळा कोरला तर त्यात काही खटकत नाही, त्याच्या आजूबाजूच्या शेतांत तेव्हा भोपळेच असतात. खटकतं ते ठाण्यातल्या किंवा नाशिकच्या मुलाला त्याच्या बाजारातला भोपळा न दाखवता दुसऱ्याच्या सणातला दाखवणं.

आता वाद येतो मोजणीवर, आणि इथे दोघंही आपापल्या अनुभवाच्या जोरावर बोलतात.

"अंक हे पाठांतराने येतात," गुरुजी म्हणतात. "रोज म्हणून घ्या. बिया मांडत बसलात तर दहापर्यंत पोहोचायला वर्ष जाईल."

"म्हणता सगळ्यांनाच येतं, गुरुजी. माझ्याकडची साडेतीन वर्षांची मुलगी वीसपर्यंत न अडखळता म्हणते. तिच्यासमोर मी सात बिया ठेवल्या. तिने एकेकीवर बोट ठेवून सातपर्यंत मोजल्या. मी विचारलं, 'मग किती आहेत?' तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली. पुन्हा विचारलं, पुन्हा एकपासून. शेवटचा शब्द हाच 'किती'चं उत्तर आहे, हे तिला अजून उमगलेलं नाही. हे पाठांतरात मला कधी कळलं असतं?"

ताईंना दिसलेली ही गोष्ट बालमानसशास्त्रात सुपरिचित आहे. रोशेल गेल्मन आणि सी. आर. गॅलिस्टल यांनी १९७८ मध्ये मुलांच्या संख्याज्ञानावरच्या पुस्तकात मोजणीची तत्त्वं वेगवेगळी करून मांडली: एका वस्तूला एकच शब्द, शब्दांचा क्रम कायम, आणि शेवटचा शब्द म्हणजे एकूण संख्या. मूल यातलं एक जाणतं आणि दुसरं जाणत नाही, असं होऊ शकतं. त्याआधी झां पियाजे यांनी दाखवलं होतं, की सारख्याच संख्येच्या दोन रांगा मांडल्या आणि मुलाच्या डोळ्यांदेखत एक रांग पसरली, तर लहान मुलं बहुधा पसरलेल्या रांगेत 'जास्त' आहेत असं सांगतात. हा प्रयोग बियांवर कोणत्याही अंगणवाडीत करता येतो. मुलाला चूक दाखवून द्यायची गरज नाही. रांग पुन्हा आवळायची, पुन्हा विचारायचं आणि ते काय कारण देतं ते ऐकायचं.

गुरुजी विचारात पडतात, पण त्यांच्याकडचा सर्वांत कसदार मुद्दा ते आता काढतात. "ठीक आहे. पण बिया बघून मूल बियांतच रमलं तर? बी निसटते, उडते, गंमत येते. सात हा आकडा बीमध्ये नसतो, ताई. तो बीपासून सोडवून घ्यावा लागतो. सगळं हातात देऊन मूल वस्तूलाच चिकटून राहिलं, तर तुमची कृतीच आडवी आली म्हणायची."

या शंकेला संशोधनाचा भक्कम आधार आहे, आणि 'हाताने केलं की शिकलंच' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने तो पाहायला हवा. ज्युडी डीलोश यांनी १९८७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका खोलीची छोटी प्रतिकृती करून तिच्यात एक चिमुकलं खेळणं मुलांसमोर लपवलं आणि सांगितलं, की मोठ्या खोलीत मोठं खेळणं त्याच जागी लपवलेलं आहे. तीन वर्षांच्या मुलांनी ते शोधलं, अडीच वर्षांच्या मुलांना बहुतेक वेळा जमलं नाही. त्यांच्या लेखी ती प्रतिकृती दुसऱ्या कशाची खूण नव्हती, ते नुसतं छान खेळणं होतं. पुढच्या प्रयोगांत प्रतिकृती काचेमागे ठेवून तिला हात लावू दिला नाही, तेव्हा लहानग्यांना जास्त जमलं. उलट तीन वर्षांच्या मुलांना आधी प्रतिकृतीशी खेळू दिलं, तेव्हा त्यांचं यश घटलं. म्हणजे वस्तू जितकी लोभस, तितकं तिच्यापलीकडचं बघणं लहान मुलाला अवघड जातं.

"म्हणूनच मोजणीच्या दिवशी मी बिया रंगवत नाही," ताई म्हणतात. "रंगवायचा दिवस वेगळा, चिकटवायचा वेगळा. मोजायला धुऊन वाळवलेल्या साध्या पांढऱ्या बिया. मोजून झाल्या की तेवढ्याच रेघा पाटीवर. मग बिया डब्यात जातात, झाकण लागतं, आणि पाटीवरच्या रेघा बघून मूल सांगतं डब्यात किती आहेत ते. मोठ्या गटाची मुलं रेघांशेजारी आकडा काढतात."

"म्हणजे फळा आलाच की शेवटी."

"आला. पण आठव्या दिवशी आला, पहिल्या नाही."

गुरुजींच्या चेहऱ्यावरचा ताण इथे सैल होतो. अंक कधीच शिकवायचे नाहीत, असं ताई म्हणतील अशी त्यांची धास्ती होती. त्यांच्या पहिलीच्या वर्गापुरतं बोलायचं तर २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ३ ते ८ वर्षं हा एकच टप्पा धरला आहे. बालवाडी आणि पहिली-दुसरी यांच्यामध्ये भिंत नसावी, असाच त्याचा रोख आहे. चार वर्षांच्या मुलाकडून पहिलीची तयारी घोटून घेण्यापेक्षा पहिलीच्या गुरुजींनी डब्यातल्या बियांपासून सुरुवात करणं जास्त शहाणपणाचं, असं या लेखकाचं स्पष्ट मत आहे.

अन्नाचा प्रश्न मात्र गुरुजी सोडत नाहीत, आणि सोडूही नये. "ज्या अंगणवाडीत पोर गरम खिचडीसाठी येतं, तिथे भोपळ्यावर रंग फासायचा, त्यात काठ्या ठोकायच्या आणि मग तो उकिरड्यावर टाकायचा? हे मला बघवणार नाही."

"माझ्याकडे तो उकिरड्यावर जात नाही. रंग लावायचा तर सालीच्या तुकड्यांवर. गर पातेल्यात."

अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ताजा गरम आहार द्यायचाच असतो, तेव्हा भोपळा खिचडीत घालायला वेगळी तजवीज लागत नाही. गराचा केशरी रंग बीटा-कॅरोटिनचा असतो, शरीर त्यापासून 'अ' जीवनसत्त्व बनवतं आणि सोबत थोडं तेल-तूप असलं की ते अंगी चांगलं लागतं. पण मुलांच्या हातांना खरं काम देतात ते घारगे. भोपळा किसायचं काम मदतनीस ताईंचं. किसात गूळ घालून शिजवलं की आधी त्याला पाणी सुटतं आणि मग ते आळतं, हे मुलांना लांबून का होईना दाखवायचं. पाणी आपण घातलं नव्हतं, मग आलं कुठून? एखादं मूल सांगतं गुळातून, एखादं सांगतं भोपळा रडला. मिश्रण गार झालं की कणीक आणि थोडी तांदळाची पिठी घालून मळायचं. केळीच्या पानाच्या तुकड्यावर प्रत्येक मूल आपला घारगा थापतं, वर खसखस टोचतं. कुणाचा जाड, कुणाचा भोक पडलेला. तळणं मुलांपासून दूर, आणि खाताना ज्याचा त्याला. घरी भोपळ्याची भाजी बघून नाक मुरडणारं मूल स्वतः थापलेला घारगा निदान चाखून तरी बघतं, असा ताईंचा अनुभव आहे.

सुरक्षिततेचं गुरुजी चार वाक्यांत आटपतात आणि ताई चारही मान्य करतात. विळी-सुरी मुलांच्या आवाक्यात नको. अख्ख्या बिया या वयाच्या मुलांच्या घशात अडकू शकतात, तेव्हा मोजायला दिलेल्या परत मोजून घ्यायच्या. कच्च्या गराने कुणाचा हात खाजला तर लगेच धुवायचा. बुरशी बघायची तर फोड झाकणबंद काचेच्या बरणीत, आणि ती बरणी पुन्हा उघडायची नाही.

"पण तुम्ही एकट्या, मदतनीस एक, मुलं पंचवीस-तीस," गुरुजी म्हणतात. "एक भोपळा सगळ्यांच्या वाट्याला येणार कसा?"

"सगळ्यांच्या वाट्याला एकदम येत नाहीच. पाच-सहा जण भोपळ्यापाशी, बाकीचे खडू, माती, ठोकळ्यांत. फेरी फिरते, म्हणून तर पंधरा दिवस लागतात."

पेरणीच्या भागात वाद जवळजवळ उरत नाही, कारण गुरुजी मुळात शेतकऱ्याच्या घरातले. नारळाच्या करवंटीत किंवा भोक पाडलेल्या दुधाच्या पिशवीत माती भरून बी लावली, ऊब असली तर आठवडाभरात कोंब वर येतो. कधीकधी बीचं टरफल टोपीसारखं पानांवर अडकून राहतं आणि मुलांना ते काढायची फार घाई होते. पुढचं ताईंना गुरुजींकडूनच कळतं. वेलावर आधी येतात ती नरफुलं. ती गळाली की मुलं हिरमुसतात, भोपळा मेला म्हणतात. मादीफूल मागाहून येतं आणि त्याच्या देठाशी चिमुकला भोपळा आधीपासूनच असतो. फुलं पहाटे उमलतात, दुपारपर्यंत मिटतात. मधमाश्या कमी असतील तर सकाळीच नरफुलाच्या पाकळ्या काढून त्याचा केसर मादीफुलाला टेकवायचा. पेरणीपासून पक्का भोपळा हाती यायला तीन-चार महिने लागतात. म्हणजे ताईंच्या पंधरा दिवसांत हे बसत नाही.

"मग पंधरा दिवसांचा हट्ट सोडा," गुरुजी म्हणतात. "जूनमध्ये कुंपणाशी लावा. शेळ्यांपासून राखायचं काम माझ्याकडे."

बोलता बोलता गुरुजी आणखी एक गोष्ट कबूल करतात. त्यांच्याकडे भजनाची जुनी वीणा आहे, तिचा भोपळा म्हणजे दुधीच्या कुळातला वाळवलेला भोपळा. पंढरपूर-सोलापूर भागात असे भोपळे पिकतात आणि मिरजेचे कारागीर त्यांपासून तंबोरे, सतारी बनवतात. लाल भोपळ्यावर टिचकी मारून मुलांना आवाज ऐकवायचा, मग वीणेच्या भोपळ्यावर. एकात ओला गर भरलेला आहे, दुसरा सुकून रिकामा झालेला आहे. कोणता आवाज कशाचा, ते मुलांनी डोळे मिटून ओळखायचं. वीणेला हात लावू द्यायचा की नाही, यावर गुरुजी अजून राजी नाहीत. ताई त्यांना डीलोशबाईंच्या काचेची आठवण करून देतात, तेव्हा ते लगेच म्हणतात, "मग ठरलं, लांबूनच."

उरतो पहिल्या दिवसाचा बेत. ताईंना भोपळा आधी पाण्यात सोडायचा आहे. शेजारी एक बटाटा. कोण बुडणार, कोण तरंगणार, हे मुलांना आधी विचारायचं आणि ज्याला जे वाटेल त्या बाजूला त्याने उभं राहायचं. भोपळा उचलून बघितलेली बहुतेक मुलं 'बुडणार'च्या बाजूला जातील. भोपळा तरंगेल, एवढासा बटाटा तळाला जाईल.

"आणि मग तुम्ही सांगणार, आत पोकळी आहे म्हणून," गुरुजी म्हणतात.

"नाही सांगणार. चिरायचा तो तिसऱ्या दिवशी. तोपर्यंत त्यांनी काय वाट्टेल ते सांगावं."

"मुळीच सांगू नका. मीही येऊन बसतो. मला ऐकायचंय ते."

"या. आणि येताना तुमच्याकडचं मोठं घंगाळ घेऊन या, आमच्या बादलीत भोपळा मावत नाही."